अप्पांनी आधीच केलेली चौकट

मास्तर अकराला येणार होते आणि दादाने सव्वादहालाच खुर्च्या मांडल्या. भिंतीकडे पाठ करून चार, आणि त्यांच्यासमोर एकटी एक. माईने स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं.

"अरे, माणूस घरी येतोय. चौकशी समिती बसवलीस की काय?" आत्या म्हणाली, आणि चारांपैकी पंख्याखालची खुर्ची धरून बसलीसुद्धा.

"बसवलीच आहे. अकरा वर्षं झाली आत्या, अकरा! बालवाडीत घातलेलं पोर एवढ्यात दहावीला बसतं, आणि या गृहस्थांच्या हातून एक चित्र पुरं होत नाही. शनिवारी दुकानाला पन्नास वर्षं होतील. लोक येतील. मी त्यांना पुन्हा हे दाखवू?"

'हे' म्हणजे भिंतीवरची चौकट. साडेपाच फूट बाय चार, जुन्या सागवानाची, चारही कोपऱ्यांना दादाच्या वडिलांनी, अप्पांनी, स्वतः कोरलेली पानं. आत काही नव्हतं. आत भिंतच होती. सारं जग आधी चित्र काढतं आणि मग त्याला फ्रेम करतं, पण अप्पांचा जन्म दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी करण्यात गेलेला. मास्तरांनी 'काढतो तुमच्या सगळ्या घराचं चित्र' म्हटल्यावर त्यांना दम कुठला निघायला! त्याच आठवड्यात माप घेतलं, चौकट केली, पॉलिश केलं आणि बाहेरच्या खोलीत दारासमोर टांगून मोकळे झाले. वर म्हणाले, आता तो माणूस सुटत नाही. बदल्यात शब्द दिला की मास्तरांच्या चित्रांना या दुकानातून जन्मभर चौकटी मिळतील, एक पैसा न घेता. पुढे दोन वर्षांनी अप्पा गेले. चौकट राहिली. गॅसची टाकी आणणाऱ्याने एकदा साळसूदपणे विचारलं होतं, भिंतीचाच फोटो लावलाय का तुम्ही? दादा तेव्हा आठवडाभर धुसफुसत होता.

"आज मी त्यांना म्हटलंय, जसं असेल तसं घेऊन या," दादा म्हणाला. "अर्धं असो, कच्चं असो. सगळ्यांसमोर उघडायचं. मग बघू काय तोंड दाखवतात ते."

"बरोबर आहे अहो," सूनबाई म्हणाली. ती कपबशा पुसत होती, आणि एकच कप बराच वेळ पुसत होती.

माईचा एकच हिशेब चालला होता. रविवारी तिच्या धाकट्या मुलाच्या दुकानात गर्दी असते. तो येणार नाही. बाकीच्यांनी बघितलं तर बघू दे, त्यांना काय कळायचं ते कळेल, नंतर त्यांच्या हातापाया पडता येईल. फक्त त्याने ते चित्र बघायला नको.

साडेदहाला जिन्यावर चपला वाजल्या आणि धाकटा आत आला.

"तू कसा आज?" माईच्या तोंडून निघून गेलं.

"वा! अशी विचारतेस जसा काही गॅसचं बिल घेऊन आलोय. दादाने बोलावलं. म्हणाला, सगळे हवेत." त्याने खुर्च्यांकडे पाहिलं, मग एकट्या खुर्चीकडे, आणि जाऊन खिडकीच्या कट्ट्यावर बसला. चारांतही नाही आणि समोरही नाही. माईच्या ते लक्षात आलं. धाकट्याकडे ती नेहमी अशी कडेकडेने बघे, तो दुसरीकडे बघत असताना.

नऊ वर्षांपूर्वी तो याच खोलीतून तरातरा निघून गेला होता. त्याला तयार फ्रेमांचं दुकान काढायचं होतं, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं. अप्पांनी 'प्लॅस्टिक' हा शब्द असा उच्चारला की धाकट्याने बॅग भरली. चार महिन्यांनी अप्पा गेले, रंधा हातात असताना, कुणाला न सांगता. डॉक्टर म्हणाले हृदय. माईने ठरवलं, धाकटा. आणि दोन महिने उलटल्यावर एका दुपारी ती एकटी मास्तरांचे तीन जिने चढून गेली आणि म्हणाली, त्याला त्या चित्रातून काढा. मास्तर म्हणाले, वहिनी, दोन दिवस जाऊ द्या. ती म्हणाली, आत्ता, माझ्यासमोर. मग मास्तरांनी रंग कालवायची बोथट सुरी घेतली आणि धाकट्याचा चेहरा खरवडून काढला. त्या खरवडण्याचा आवाज माईला अजून ऐकू येत असे, विशेषतः धाकटा हसला की.

मास्तर अकराला पाच कमी असताना आले. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत, म्हणून मास्तर. उंच माणूस, आता खांद्यात वाकलेला. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेला मोठा चौकोन, सुतळीने बांधलेला. त्यांनी तो भिंतीला टेकवून उभा केला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि कुणी न सांगता त्या एकट्या खुर्चीत जाऊन बसले. समोर चौकट होती. त्यांनी खाली बघितलं.

"चहा घेता?" सूनबाईने विचारलं.

"चहाचं मग बघू," दादा म्हणाला. "मास्तर, मी वर्षातून एकदा तुमच्या दाराशी येतो. दर वेळी तुम्ही म्हणता, थोडं राहिलंय. काय राहिलंय ते एकदाही सांगितलं नाहीत. आज सांगा."

"दोष माझा आहे."

"ते ठाऊक आहे. राहिलंय काय?"

"मला जमलं नाही."

"अहो, मंत्र्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांची चित्रं काढलीत तुम्ही! आमच्याच घराला काय धाड भरली?"

मास्तरांनी मान हलवली. ना होकाराची, ना नकाराची. माईला कळत होतं ते कशाची राखण करत बसलेत. सहा वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता, तिच्या एका शब्दाखातर, आणि आजही तिच्या दारात येऊन तिच्या मुलाचं बोलणं खात होता. तिने खिडकीकडे कडेने पाहिलं. धाकटा अंगठ्याच्या नखावरचा वाळलेला सुतारी सरस खरडत होता. प्लॅस्टिकवाल्याच्या नखावर सरस कुठला, असं तिच्या मनात येऊन गेलं, पण तेवढ्यात आत्या बोलली.

"मी एकोणऐंशीची आहे मास्तर. मला ते चित्र जिवंतपणी बघायचंय. मेल्यावर तुम्ही काढाल हो मला परीसारखी, पण मला काय उपयोग?"

"आत्या, थांब." दादा उठला. "मास्तर, माझे वडील रोज संध्याकाळी या चौकटीवरची धूळ पुसायचे. रिकाम्या चौकटीवरची. तुम्ही त्यांना फसवलंत. हा शब्द मी अकरा वर्षं वापरला नाही, आज वापरतो."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माईकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं.

"बरं. उघडूया," दादा म्हणाला, आणि वाकून त्याने सुतळीच्या गाठीला हात घातला.

"हात लावू नकोस त्याला."

माईला आपला आवाज ओळखू आला नाही. दादा वाकलेलाच राहिला.

"माई, अगं..."

"सोड म्हणते ना ती गाठ! फसवलं असेल तर मी फसवलंय. तुला माणूस चुकला." तिने सूनबाईच्या खुर्चीची पाठ धरली. आता थांबता येणार नव्हतं. "धाकट्याला मी काढायला लावलं त्यातून. अप्पा गेल्यावर. मास्तर नको म्हणत होते. मी म्हटलं, माझ्यासमोर काढा. त्यांनी सुरीने त्याचा चेहरा खरवडला आणि मी उभी राहून बघितलं."

पंखा तेवढा फिरत होता.

"आणि मग माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, हा आला, तेव्हा मी परत गेले. म्हटलं, घाला माझ्या मुलाला परत. मास्तर म्हणाले, घालतो, पण चेहरा समोर बसवल्याशिवाय कसा घालू? आणि बसवायचा तर आधीचा कुठे गेला ते सांगावं लागणार. ते मी सांगू दिलं नाही. शपथ घातली त्यांना. म्हणून अडलंय. सहा वर्षं तू त्यांना फाडून खातोयस आणि ते माझी लाज झाकतायत."

कुणीही धाकट्याकडे बघितलं नाही. माईने मात्र बघितलं, सरळ. व्हायचं ते होऊ दे.

धाकटा नख खरडायचा थांबला. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"हेच. मी बघितलंय ते चित्र. आठ वर्षं झाली."

आता मास्तर दचकले. "तू? कधी?"

"तुमच्या फ्रेमा पोचवायला आलो होतो. तुम्ही खाली दूध आणायला गेला होतात. हे चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. मी फिरवलं." तो जरा थांबला. "तेव्हा माझं इथे येणं बंद होतं. म्हटलं, निदान चित्रात तरी घर बघू."

माईने डोळे मिटले.

"एक मिनिट," दादा म्हणाला. "मास्तर तुझ्याकडून फ्रेमा घेतात? प्लॅस्टिकच्या?" बाकीचं सगळं त्याने कसंबसं गिळलं होतं, पण हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"तुमच्या दाराशी यायला मला तोंड नव्हतं," मास्तर पुटपुटले. "शब्द मी पाळला नाही, मग चौकटी कशा मागू?"

"लाकडी करून देतो त्यांना मी," धाकटा म्हणाला. "घरी, सुट्टीच्या दिवशी. अप्पांसारख्या नाही होत."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. माईला ते काही ऐकू येत नव्हतं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती.

"म्हणजे दवाखान्यात आलास तेव्हा तुला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांत थेंब घालत होतास, दिवसातून चार वेळा, तेव्हा..."

"सहा वेळा. पहिला आठवडा सहा वेळा होते."

"राग नाही आला रे माझा?"

"आला ना. न यायला मी काय संत आहे? दोन वर्षं कुणाशी धड बोललो नव्हतो. मग दादाचा फोन आला की तुला दिसत नाहीये, मी आलो. राग सोडून आलो असं नाही माई, घेऊनच आलो होतो. थेंब घालताना माझा हात थरथरायचा आणि तुला वाटायचं मी घाबरतोय. नंतर कधीतरी गेला तो. कधी गेला ते नाही सांगता येणार."

माईने तोंडाला पदर लावला आणि ती रडली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. अप्पा गेले तेव्हासुद्धा ती इतक्या मोठ्याने रडली नव्हती. सूनबाईने तिला धरून बसवलं, आणि बसवता बसवता म्हणाली, "मीपण गेले होते एकदा मास्तरांकडे."

"तू?" दादा म्हणाला.

"मला आत्यांच्या मागे उभं केलं होतं. नुसतं कपाळ दिसत होतं. मी म्हटलं, जरा डावीकडे सरकवा."

"मी दातांसाठी गेले होते," आत्या घाईघाईने म्हणाली. "कवळी बसवल्यावर. जुनं तोंड कशाला राहू द्यायचं चित्रात?"

"म्हणजे या घरात मी एकटाच सोडून सगळे जाऊन आलात?" दादा मटकन खुर्चीत बसला. पण तो हार जाणाऱ्यांतला नव्हता. दोन मिनिटांत त्याचे डोळे पुन्हा चमकले. "मग अडलंय कुठे आता? झालं की सगळं उघड! हा बसतो मास्तरांसमोर, आजच बसतो. आत्याचे दात, हिचं कपाळ, सगळं करा. शनिवारपर्यंत होईल की नाही?"

मास्तरांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि चौकटीकडे नीट बघितलं.

"नाही होणार. शनिवारी नाही आणि पुढच्या शनिवारीही नाही." त्यांचा आवाज शांत होता. "वहिनींनी सगळं आपल्या अंगावर घेतलं, पण ते खरं नाही. अप्पा होते ती पहिली दोन वर्षं माझीच होती. तेव्हा कुणी अडवलं नव्हतं. रोज ही चौकट डोळ्यांपुढे यायची, तयार, माप ठरलेली, आणि माझा हात चालायचा नाही. मग माणसं बदलत गेली. आता मी ते चित्र उघडतो आणि मला त्यात कुणीच ओळखू येत नाही. अप्पा गेल्यापासून मी या गल्लीतून गेलेलो नाही. बाजारात जायचं तर पुलावरून लांबून जातो. आज ते घेऊन आलोय ते पुरं करायला नाही. मला मोकळं करा, एवढं मागायला आलो होतो."

"अप्पा झालेत का त्यात?" दादाने विचारलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"हात झालेत. चेहरा मी शेवटी करतो. तो राहिला."

दादाने मान फिरवली.

"मोकळे आहात मास्तर," माई म्हणाली.

"माई, तू एकटी कोण ठरवणारी? अप्पांनी सांगितलेलं काम आहे हे. अप्पांची शेवटची मोठी चौकट आहे!"

"अप्पांनी चित्र सांगितलं होतं. माणूस डांबून ठेवा असं नव्हतं सांगितलं."

"आत्या, तू तरी सांग हिला!"

आत्याने मास्तरांच्या वाकलेल्या खांद्यांकडे पाहिलं. "जाऊ दे रे," ती म्हणाली. "माझे फोटो आहेत की ढीगभर. आणि तसंही मी चित्रात कधी बरी दिसले नसते."

"तुला काय वाटतं?" दादा सूनबाईकडे वळला. तिने कप खाली ठेवला आणि फक्त मान हलवली. सकाळी चार खुर्च्या एका बाजूला होत्या. आता तो एकटाच उभा होता.

राग आला की काहीतरी मोजायचं ही दादाची जुनी खोड. त्याने खिशातला टेप काढला आणि चौकटीपाशी गेला. एका कोपऱ्यापासून तिरकं समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, मग दुसरीकडून तसंच. पुन्हा मोजलं. माईला न बघता कळलं, दोन मापं जुळत नसणार. आत काही बसवलेलं नसलं की चौकट हळूहळू तिरकी होते. अप्पाच गिऱ्हाइकांना सांगायचे, रिकामी नेऊन ठेवू नका. दादा दर वर्षी ती उतरवून, मागून पट्टी मारून, सरळ करत आला होता.

"पाऊण इंच," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "खालचा कोपरा उघडलाय. आता पट्टीने भागत नाही."

धाकटा कट्ट्यावरून उतरला. "मी खालून धरतो."

दोघांनी मिळून ती खिळ्यांवरून उचलली. भिंतीवर तिच्या मापाचा स्वच्छ पट्टा उमटलेला होता, चारही बाजूंनी, पानांच्या नक्षीसकट. चौकट जमिनीवर आडवी ठेवल्यावर दादा तिच्याजवळ उकिडवा बसला आणि उघडलेल्या सांध्यावरून बोट फिरवत राहिला.

"कोपरे कापून टाकले तर लाकूड चांगलं आहे," तो धाकट्याला म्हणाला. जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "यातून दोन निघतील. दीड बाय दोनच्या."

"तीन. वीतभर कमी धरलंस तर."

"पानं जातील मग."

"जाऊ दे. एका कोपऱ्याची ठेव माईला."

दादा उठला आणि मास्तरांसमोर येऊन उभा राहिला. आता हा काय बोलतो, असं माईला झालं.

"तुमची कुठली चित्रं आहेत त्या मापाची?" त्याने विचारलं.

मास्तर गोंधळले. "आहेत, पण... मी माझा शब्द तर..."

"तुमचा शब्द सोडला ना आत्ता आमच्या आईने. आमचा कुणी सोडलाय? अप्पांनी जन्मभर चौकटी देईन म्हटलंय. पुढच्या रविवारी चित्रं घेऊन या. आणि पुलावरून नको, या समोरच्या रस्त्याने या." मग त्याने मान खाली घातली. "मघाशी बोललो तो शब्द चुकला माझा."

मास्तरांनी दादाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग सूनबाईने सगळ्यांना चहा दिला. तो बसून प्यायला आता समोरासमोर खुर्च्या नव्हत्या. कुणी ना कुणी त्या केव्हाच सरकवल्या होत्या. निघताना मास्तरांनी चादरीतलं चित्र काखेत घेतलं.

"त्याचं काय करणार हो?" आत्याने विचारलं.

"पांढरा रंग फासून कोरं करीन. कापड उत्तम आहे. दुसरं काहीतरी काढीन."

"काय वाटेल ते काढा," माई म्हणाली. "फक्त आम्हाला नका काढू."

मास्तर हसले. जिना उतरतानाही त्यांचं हसू ऐकू येत होतं.

दादा चौकट उचलून मागे कारखान्यात घेऊन गेला. आत्या पंख्याखाली पेंगायला लागली, सूनबाई कपबशा आवरायला गेली. धाकटाही करवत धरायला मागे निघाला होता.

"थांब जरा," माई म्हणाली. "इथे बस. उजेडात."

"का? आता तू काढतेस का चित्र?"

"बस म्हटलं ना."

तो खिडकीपाशी बसला. माईने आपली खुर्ची ओढून त्याच्यासमोर घेतली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट निरखला. कपाळ अप्पांचं होतं. डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा झुबका होता.

"हे कधी झालं रे?" तिने भुवईला बोट लावून विचारलं.

"झाली की चार वर्षं."

मागे करवत सुरू झाली. माईने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "बघू दे मला."